कॅल्शियमची डबी

भातकुली तालुक्यातल्या एका गावाच्या टोकाला, झेंडू आणि शेवंतीच्या वावराला लागून, दोन विधवा जावांचं घर आहे. थोरली पार्बताबाई, धाकटी सुभद्रा. नवरे सख्खे भाऊ, शेषराव आणि भगवंत. थोरला म्हातारपणानं गेला, धाकटा ऐन चाळिशीत. पार्बताबाईच्या मुली लांब दिलेल्या, सुभद्राला मूलबाळ नाही. तेव्हा या दोघी, त्यांची फुलं, आणि मिळेल ते निम्मं करायची त्यांची सवय, एवढाच त्या घराचा पसारा.

भाकरी झाली की मधोमध मोडायची. पेरू आला की विळीवर उभा चिरायचा. चहाचा कप एकीकडे, बशी दुसरीकडे. इथपर्यंत कोणी काही म्हणणार नाही, पण या घरात औषधसुद्धा निम्मं व्हायचं. पार्बताबाईला खोकला झाला की ती एक झाकण स्वतः घ्यायची आणि एक सुभद्राच्या तोंडात ओतायची. "तुले बी होईनच उद्या," एवढंच तिचं कारण. हसायला येतं, पण हसू नका. ज्या बाईला प्रेमाचा एक शब्द कधी तोंडावाटे काढता आला नाही, ती बिचारी दुसरं काय ओतणार?

त्या घरात निम्मी न होणारी वस्तू एकच होती. सुभद्राच्या ट्रंकेतली पांढरी प्लास्टिकची डबी. डबीवर कॅल्शियमचं नाव होतं आणि हसऱ्या बाईचं चित्र होतं. सुभद्रा रोज जेवण झाल्यावर त्यातली एक गोळी घ्यायची, पाठ करून घ्यायची, आणि ट्रंकेला कुलूप लावायची.

"काऊन व सुभे," पार्बताबाई एकदा फणकारली होती, "माहे गुडघे वाजून राहिले, अन् हाडाची गोळी तू एकटीच खातं? मले एक देली तं काय कमी होते?"

"तुमाले नाही चालत ते, मोठ्याबाई. डॉक्टरनं माह्या अंगाच्या मानानं देल्या."

"माह्या गोळ्या तुले चालतात, अन् तुह्या मले चालत नाही. वा बापा!"

त्यानंतर कितीतरी दिवस पार्बताबाई तिच्याशी फक्त कामापुरतं बोलली. सुभद्रानं ते सोसलं. काय करणार? डबी कॅल्शियमची होती, गोळ्या एचआयव्हीच्या होत्या.

भगवंत गेला तेव्हा गावात कावीळ म्हणून सांगितलं होतं. खरं काय ते फक्त सुभद्राला आणि दवाखान्यातल्या एका डॉक्टरला माहीत होतं. भगवंताच्या चितेचा धूर अजून नाकात होता तेव्हाच तिचं रक्त तपासलं गेलं, आणि जे त्याच्यात होतं ते तिच्यातही निघालं. त्या दिवशी ती रडली नाही. तिला नुसती भीती वाटली, आणि भीती मरणाची नव्हती, पार्बताबाईची होती. पार्बताबाईनं भगवंताला पोटच्या पोरासारखं वाढवलेलं. लग्न होऊन आली तेव्हा दीर तीन वर्षांचा होता, नाक पुसायला हिच्याच पदराला यायचा. त्याला हा रोग लागला हे तिला कळलं तर ती दोष कोणाला देईल? पोराला कोणी देत नाही. सुनेला देतात.

औषध सरकारी केंद्रात फुकट मिळतं. पण अमरावतीत ते घ्यायचं कसं? सुभद्रा सणावाराला आणि मंगळवारी तिथल्या देवीच्या देवळासमोर टोपली घेऊन बसते. अर्धी अमरावती तिच्याकडून हार घेते. केंद्राच्या रांगेत उभं राहावं आणि मागून "ओ फुलंवाल्या काकू" अशी हाक यावी, हे तिला चालणार नव्हतं. म्हणून तिनं अकोला धरलं. घरी सांगितलं, जुन्या शहरात हाराचा दोरा आणि सोनेरी जर स्वस्त मिळते. बडनेऱ्याहून रेल्वे, अकोल्याला केंद्र, मग मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरात जाऊन खरोखरच दोरा आणि जर घ्यायची. खोटं बोलायचं तर माल तरी खरा हवा. घरात इतका दोरा साठला होता की दोघी शंभर वर्षं हार करत बसल्या असत्या. पार्बताबाई म्हणायची, "हिले दोऱ्याचं येड लागलं."

आणि एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, नाहीतर पुढे गैरसमज व्हायचा. त्या गोळीनं सुभद्राला जगवलं. सांगाड्यासारखी झालेली बाई पुन्हा टोपली डोक्यावर घेऊन चालायला लागली. पुढे तपासलं तेव्हा तिच्या रक्तात रोग सापडेनासा झाला होता. त्या गोळीला शिव्या देणाऱ्याशी माझं पटणार नाही. पण गोळीला सुभद्रा कशी आहे ते माहीत नसतं. काही जणांना ती वर्षानुवर्षं निमूट मानवते. काहींच्या किडनीला हळूहळू खाते आणि किडनीमार्गे हाडांपर्यंत पोचते. म्हणून तर मधूनमधून रक्त तपासायला सांगतात. सुभद्राला मात्र नंतर दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू लागल्या, आणि परतीची गाडी चुकेल म्हणून ती रक्त न देताच पळायची. "पुढच्या खेपेले देतो," म्हणायची. अशा बऱ्याच पुढच्या खेपा गेल्या.

दुखणं टाचेत सुरू झालं. मग नडग्या. मग मांड्यांच्या आत, जिथं हात लावून दाखवताही येत नाही. फुलं तोडताना वाकली की बरगडीत कळ यायची. पाटावरून उठताना आधी दोन्ही हात जमिनीवर, मग भिंत, मग जावेचा खांदा. चाल बदकासारखी झाली. तहान इतकी की मडकं रिकामं, आणि लघवीला सारखं उठणं. वयामुळे असेल असं तिला वाटलं. वय होतं शेहेचाळीस.

पार्बताबाईला हे पाहवेना. पासष्टीची बाई, स्वतःच्या गुडघ्यांसाठी गावातल्या मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणायची. मेडिकलवाला योगेश चिठ्ठी वगैरे काही विचारत नसे. पार्बताबाईनं दुप्पट पट्ट्या आणायला सुरुवात केली. सकाळी एक स्वतःला, एक सुभद्राला. संध्याकाळी परत. गोळी पोटात गेली की तासाभरात सुभद्राचं अंग मोकळं व्हायचं, आणि तिला वाटायचं, या घरात आपल्याला जपणारं माणूस आहे. ते खरंच होतं. दुर्दैव असं की जपणारं माणूस तिला विष देत होतं, आणि दोघींनाही त्याचा पत्ता नव्हता.

अकोल्याच्या केंद्रात नवीन डॉक्टर आली होती, रश्मी मॅडम. वयानं लहान, पण नजर पक्की. सुभद्रा दारातून खुर्चीपर्यंत आली तेवढ्यातच तिनं पेन खाली ठेवलं.

"मावशी, असं कधीपासून चालताय?"

त्या दिवशी गाडी चुकली तरी चालेल, पण रक्त दिल्याशिवाय सोडणार नाही म्हणून मॅडमनं तिला बसवून घेतलं. रक्त, लघवी, कमरेचा फोटो. पुढच्या आठवड्यात बोलावून समोर बसवलं आणि साध्या शब्दांत सांगितलं. किडनी म्हणजे गाळणी. या गोळीनं गाळणी बिघडलीय. शरीराला हवा तो फॉस्फरस लघवीतून वाहून जातोय, त्यामुळे हाडं आतून मऊ पडलीत. खुब्याजवळ हाडाला केसासारखी चीर गेलीय. "गोळी बंद करायची नाही, बदलायची. दुसरी आहे आपल्याकडे. वेळेत बदलली तर बरंच सावरतं."

मग तिनं विचारलं, "दुखण्यासाठी काही घेता का? मेडिकलमधून? कोणाकडून?"

इथे सुभद्रानं मनात हिशोब केला. हो म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार, कोण देतं. मग घरी कोण आहे. मग त्यांना बोलवा. इतकी वर्षं ज्या दाराला टेकून ती उभी होती ते दार एका होकारानं उघडणार होतं.

"नाही मॅडम. काहीच नाही घेत."

"नक्की? या अवस्थेत त्या गोळ्या म्हणजे किडनीवर दगड घातल्यासारखं आहे."

"नाही घेत."

खोटं तिला सहज बोलता आलं. सवयच तशी झाली होती.

घरी येऊन तिनं पार्बताबाईची गोळी टाळायचं ठरवलं. पहिल्या दिवशी जिभेखाली धरली आणि मोरीत थुंकली. दुसऱ्या दिवशी पदरात लपवली. तिसऱ्या दिवशी खुब्यातून अशी कळ गेली की ती वाफ्यातच बसली आणि तोंडातून आवाज निघाला. पार्बताबाई लंगडत धावली. एका हातात गोळी, एका हातात पाण्याचा तांब्या. समोर उभी राहून म्हणाली, "गीळ." सुभद्रानं गिळली. तासाभरानं बरं वाटलं. बरं वाटलं याचाच तिला राग आला, आणि मग रडू आलं. दुखणं काय असतं ते ज्याला होतं त्यालाच कळतं. तिला ढोंगी म्हणायला मी तयार नाही.

महिन्यानं मॅडमनं नवा रिपोर्ट पाहिला आणि कपाळाला हात लावला. गोळी बदलली होती, किडनीचा आकडा खाली यायला हवा होता. तो वर गेला होता. "काहीतरी दुसरं चाललंय मावशी. मला सांगत नाही तुम्ही. असंच चाललं तर मशीनवर रक्त धुवायची वेळ येईल." ती चिडलेली नव्हती, काळजीत होती, आणि तेच सुभद्राला जास्त लागलं. परतीच्या गाडीत तिला दोनच गोष्टी दिसत होत्या. तोंड उघडलं तर पार्बताबाई जाईल. नाही उघडलं तर आपण जाऊ.

त्यातच दसरा आला. फुलांच्या घरात दसऱ्याआधी माणसाला माणूस दिसत नाही. ओसरीवर झेंडूचे ढीग, दोघी समोरासमोर बसून सुईनं ओवतायत. सुभद्राची सुई वेगळी असे, तिच्या ट्रंकेत असे, आणि बोटाला टोचली की ती ओवलेला हारच बाजूला टाकायची. हारातून रोग जात नाही असं दवाखान्यात कितीदा सांगितलं होतं, तरी. पार्बताबाईला हा नुसता नखरा वाटे. त्या दुपारी सुभद्राचे पाय सुजले होते, सकाळपासून दोनदा उलटी झाली होती. पार्बताबाई उठली आणि आत जाऊन आली. या वेळी हातावर दोन गोळ्या होत्या.

"आज एकीनं भागत नाही. उद्या लय काम हाये. घे."

"नको मोठ्याबाई."

"घे म्हनतो ना!"

"ह्या गोळ्यानं माह्या किडन्या चालल्या." सुभद्रा खाली बघत म्हणाली. मग वर बघितलं, कारण खाली बघून पुढचं सांगता येणार नव्हतं. "अन् माह्या डबीत कॅल्शियम नाही."

तिनं सगळं सांगितलं. न थांबता सांगितलं, कारण थांबली असती तर परत सुरू करता आलं नसतं. रोगाचं नाव सांगितलं, अकोला सांगितलं, दोरा सांगितला. पार्बताबाई तशीच उभी होती, तळहातावर दोन गोळ्या, घामानं त्यांचा रंग हाताला लागत होता.

"भगवंताले बी तेच?"

"हो."

"मंग कावीळ?"

"कावीळ नव्हती."

"मी त्या काविळीची जडीबुटी देनाऱ्या बाबाले शिव्या देल्या व," पार्बताबाई म्हणाली. "तेराव्याच्या दिवशी त्याच्या दारात जाऊन देल्या. माह्या लेकराले मारलं म्हनून." तिनं हातातल्या गोळ्या मुठीत आवळल्या. मग म्हणाली, "तुह्यापासून त्याले, का त्याच्यापासून तुले?"

हाच तो प्रश्न. हा येऊ नये म्हणूनच सुभद्रानं इतकी वर्षं हाडं झिजवली होती. "त्याच्यापासून मले," ती म्हणाली. "तुमी खरं मानसान का नाही, मले माहीत नाही. पन देवीसाठी फुलं ओवून राहिली, खोटं नाही बोलत."

पार्बताबाईनं ओसरीवरच्या ढिगाकडे पाहिलं. "अन् हे हार? देवीले जातात ते?"

"हारानं कोनाले होत नाही मोठ्याबाई. डॉक्टरले दहादा विचारलं मी."

पार्बताबाई वावरात निघून गेली आणि दिवस मावळेपर्यंत शेवंतीच्या ओळीत बसून राहिली. संध्याकाळी येऊन तिनं भाकऱ्या केल्या. एक अख्खी भाकरी सुभद्राच्या ताटात टाकली, एक अख्खी स्वतःच्या. मोडली नाही. सुभद्रानं ते ताट पाहिलं आणि तिला कळलं की झालं, आपलं या घरातलं संपलं. तिनं ताट तसंच झाकून ठेवलं.

दसऱ्याचा बाजार दोघींनी केला, एकमेकींकडे न बघता केला. दुसऱ्या दिवशी सुभद्रा अकोल्याला निघाली तर पार्बताबाई दारात चप्पल घालत होती.

"मी येतो संगं."

"कायले?"

"मले विचारायचं हाये तुह्या डॉक्टरले."

काय विचारायचं ते सांगितलं नाही. गाडीत ती खिडकीशी बसली आणि अकोला येईपर्यंत बाहेर बघत राहिली. केंद्राच्या बाकावर बसली तेव्हा मात्र तिनं एकेक माणूस नीट निरखलं. लेकराला कडेवर घेतलेली बाई, कॉलेजातला पोरगा, इस्त्रीच्या शर्टातले एक गुरुजी. "हे तं आपल्यासारखेच हायेत व," ती पुटपुटली.

आत गेल्यावर सुभद्रानं मॅडमला पहिल्यांदा खरं सांगितलं, गोळ्यांचं. मॅडमनं दीर्घ श्वास घेतला. रागावली नाही. आजपासून एकही नाही म्हणाली, नवा रिपोर्ट बघितला, हाडांसाठी औषधं लिहिली. मग म्हणाली की किडनी थोडी सावरेल, पण जी गेली ती सगळी परत येणार नाही. जपून राहावं लागेल, जन्मभर.

पार्बताबाई इतका वेळ खुर्चीच्या कडेवर बसली होती. ती पुढे वाकली.

"मॅडम, एक सांगा. माह्या गोळ्यानं हिचं किती गेलं?"

मॅडम उत्तर देणार तेवढ्यात सुभद्रा घाईघाईनं बोलली, "तुमच्या गोळ्यानं काहीच नाही गेलं मोठ्याबाई. माह्याच गोळीनं गेलं सगळं. हो ना मॅडम?" आणि तिनं डॉक्टरकडे अशा नजरेनं पाहिलं की त्या पोरीनं मान खाली घालून पुढच्या पेशंटला हाक मारली.

बाहेर व्हरांड्यात पार्बताबाई थांबली. माणसांची रांग होती, औषधाच्या खिडकीपर्यंत.

"माह्याकडं पाहून सांग."

"सांगतलं ना आतमधी."

"आतमधी तू तसंच बोलली जसं दोऱ्याचं बोलत होती. मी आयकलं. इतके वर्स मले येडी बनवलं, मी काही म्हनलं नाही. त्या दिवशी भाकरी मोडाले माहे हात चालले नाही, मले वाटे मी जे जे अर्धं करून देलं ते तुले बाधलं. आता तरी खोटं नको बोलू, सुभे."

सुभद्राला ते खोटं किती सोपं होतं! एक वाक्य. म्हातारीनं शेवटी मानलंही असतं आणि उरलेलं आयुष्य शांत गेलं असतं. पण याच जातीच्या एकेका सोप्या वाक्यानं तिच्या हाडात चीर पाडली होती, आणि समोर उभं असलेलं माणूस आज पहिल्यांदा तिच्यासोबत इथपर्यंत आलं होतं.

"गेलं मोठ्याबाई," ती म्हणाली. "तुमच्याबी गोळ्यानं गेलं. मी सांगतलं नाही म्हनून गेलं. तुमी जीव लावून देल्या, मी मुकाट्यानं गिळल्या."

पार्बताबाई भिंतीला पाठ घासत खाली व्हरांड्याच्या फरशीवर बसली आणि आपले दोन्ही तळहात समोर धरून बघत राहिली. "ह्या हातानं देल्या व," ती म्हणाली. "पानी घेऊन उभी राहिली मी. गीळ म्हनलं." भगवंताच्या वेळी, शेषरावाच्या वेळी जी बाई लोकांदेखत रडली नव्हती ती आता त्या अनोळखी माणसांच्या रांगेत आवाज काढून रडायला लागली.

सुभद्राला तिला धरायचं होतं, पण वाकता येत नव्हतं. खाली बसलं तर खुबा परत उठू देणार नाही हे तिला पक्कं माहीत होतं. तिनं भिंतीला हात लावला, दुखरा पाय लांब केला, आणि दातओठ खात जावेच्या शेजारी फरशीवर बसली. आता दोघींपैकी एकीलाही आपलं आपण उठता येणार नव्हतं, आणि औषधाची रांग त्यांना वळसा घालून पुढे सरकत राहिली.